पवनऊर्जा : वारा पावसाळ्यात, गरज उन्हाळ्यात

सोलापूर - कोळसा लागत नाही, धूर होत नाही आणि पाण्याचीही गरज नाही. त्यामुळे दुष्काळी भागाला पवनऊर्जेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र, उभारलेली क्षमता आणि प्रत्यक्ष मिळणारी वीज यांतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय तिचे मोल ठरविता येणार नाही.

विस्तार

देशातील पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प १९८० च्या दशकात किनारपट्टीवर उभे राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्या. पाठोपाठ सांगली आणि धुळे जिल्ह्यांत प्रकल्प झाले. प्राप्तिकरातील वाढीव घसाऱ्याच्या सवलतीमुळे खासगी उद्योगांनी त्यांत गुंतवणूक केली. मार्च २०२५ मध्ये देशाची पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॉटवर पोचली. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे पाच हजार मेगावॉटचा होता.

मर्यादा

वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला, की ऊर्जा एक अष्टमांश उरते. वेग सेकंदाला तीन-चार मीटरहून कमी असल्यास वीज तयार होत नाही. साधारण २५ मीटरपुढे गेल्यास सुरक्षिततेसाठी यंत्र बंद करावे लागते. परिणामी, १०० मेगावॉटच्या जुन्या प्रकल्पातून वर्षाच्या सरासरीने २० मेगावॉटच्या आसपासच वीज मिळते. उंच मनोऱ्यांवरील नवी यंत्रे यापेक्षा अधिक वीज देतात.

राज्यात वाऱ्याचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर हा आहे. पाऊस चांगला असल्यास तेव्हा कृषिपंपांची मागणी घटते. सोलापूरला विजेची खरी निकड भासते ती मार्च ते मे या रणरणत्या महिन्यांत. चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमागही वाऱ्याची वाट पाहत थांबू शकत नाहीत. त्यामुळे फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉट औष्णिक प्रकल्पासारख्या केंद्रांची गरज उरते. मात्र त्याला कोळशाबरोबर उजनीचे पाणीही लागते.

जागेचाही प्रश्न आहे. मोकळी माळराने पवनचक्क्यांना सोयीची, तशीच ती माळढोकचे घर. नान्नज परिसरासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही. वीजवाहिन्यांना धडकून तो मरतो.

उन्हाळ्यात सौरऊर्जा, पावसाळ्यात पवनऊर्जा आणि दोहोंना साठवणुकीची जोड, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे. एकटा वारा शहराला बारमाही वीज पुरवू शकत नाही.