क्लच तळाला जातोय? जीप-पिकअपचा गळका स्लेव्ह सिलिंडर घरी कसा बदलायचा

येवला : पिकअपमध्ये कांदा भरून झाला, लिलावाची वेळ झाली आणि ऐनवेळी गियरच पडत नाही, ही तक्रार आपल्या भागात नवी नाही. अशा वेळी बरेच जण क्लच प्लेट गेली असं धरून चालतात आणि गियरबॉक्स उतरवायला गाडी देतात. पण पेडल खाली जाऊन वर येत नसेल आणि ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर आधी स्लेव्ह सिलिंडर बघा. मुठीएवढा हा भाग बाहेरच्या बाजूला बसवलेला असेल, तर दोन माणसं तो घरी, अंगणात बदलू शकतात.

हा भाग काय काम करतो?

आपण पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल पाइपातून ढकलतो. ते खाली गियरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये येतं. त्याचा दांडा बाहेर येऊन फोर्क दाबतो, मग क्लच प्लेट सुटते. आतलं रबरी सील झिजलं की ऑइल बाहेर येतं, हवा आत जाते आणि पेडलमधला जोर निघून जातो.

शेतरस्ता, नाल्यातलं पाणी आणि चिखल यांतून फिरणाऱ्या गाडीचं बाहेरचं रबरी टोपण लवकर फाटतं. मग धूळ-पाणी आत शिरतं. ब्रेक ऑइल स्वतःही हवेतली ओल ओढून घेतं. ते वर्षानुवर्षं बदललं नाही, तर सिलिंडर आतून गंजतो आणि नवं सीलही टिकत नाही.

दोष नक्की कुठे आहे ते ओळखा

- पेडल दोन-चार वेळा भराभर मारल्यावर गियर पडतो, नाहीतर कुरकुरतो : ऑइल गळतंय किंवा हवा शिरली आहे.
- केबिनमध्ये पेडलच्या वर, दांड्याजवळ ओल : दोष वरच्या मास्टर सिलिंडरचा.
- खाली स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण बाजूला केल्यावर ऑइल टपकतं : स्लेव्ह सिलिंडर गेला.
- पेडल कडक आहे, गियर पडतो, पण चढावर इंजिन फिरतं आणि गाडी ओढत नाही : हे काम क्लच प्लेटचं आहे.

गळणारं ऑइल पातळ असेल आणि पडलं तिथला रंग फुगत असेल, तर ते ब्रेक ऑइल. इंजिन ऑइल काळं असतं, गियर ऑइल घट्ट आणि उग्र वासाचं.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गियरबॉक्सच्या हाऊसिंगच्या आतच असतो. बाहेर सिलिंडर दिसत नाही आणि हाऊसिंगच्या खालून ब्रेक ऑइल टपकतं. त्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम घरी करू नका. ज्या गाडीचा क्लच केबलवर किंवा रॉडवर चालतो, तिला हा भागच नसतो. बऱ्याच ट्रॅक्टरचं असंच आहे.

सामान आणताना

बोलेरो २००० साली, स्कॉर्पिओ २००२ साली आणि थार २०१० साली आली. तेव्हापासून त्यांची मॉडेलं अनेकदा बदलली. म्हणून नुसतं गाडीचं नाव सांगून पार्ट आणू नका. मॉडेलचं वर्ष आणि चेसिस नंबर सांगा, जुना सिलिंडर काढला असेल तर तोही सोबत न्या.

नुसतं सील किट स्वस्त पडतं, पण सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत असेल तरच ते बसवा. नखाला खड्डा किंवा ओरखडा लागला तर पूर्ण सिलिंडर घ्या. पॉलिश पेपरने घासून तो सुधारत नाही.

झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घ्या. साधारणपणे ते डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. डबा सीलबंद हवा. इंजिन ऑइल, डिझेल किंवा हायड्रॉलिक ऑइल यात कधीच टाकू नका. त्याने रबर फुगतं आणि सगळी लाइन खराब होते. याशिवाय पाने, पारदर्शक नळी, बाटली, चिंध्या आणि पाइपाच्या जोडाला तांब्याचे वॉशर असतील तर तेही नवे घ्या.

काम कसं करायचं

१. गाडी सपाट, कडक जागेवर लावा. इंजिन थंड होऊ द्या. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ओट लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी उंच असेल तर जॅकशिवायही हात पोचतो. उचलावीच लागली तर लोखंडी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा दगडांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये.

२. सिलिंडरभोवतीचा चिखल आधी पुसून काढा. एक कणही लाइनमध्ये जाता कामा नये.

३. सिलिंडर बोल्टवर घट्ट असतानाच पाइपाचा नट थोडा ढिला करा. त्याला बरोबर मापाचाच पाना लावा, कारण हा नट मऊ असतो आणि कोपरे गेले की काम अडतं.

४. बोल्ट काढा, सिलिंडर मोकळा करा, पाइप सोडवा. पाइपाचं तोंड स्वच्छ टोपणाने बंद करा. यापुढे काम होईपर्यंत पेडल कोणी दाबू नका.

५. जुना-नवा सिलिंडर शेजारी ठेवून बोल्टची भोकं, दांड्याची लांबी आणि पाइपाचे आटे जुळतात का बघा.

६. नवा सिलिंडर बसवताना पाइपाचा नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवा. तो सरळ गेला की मगच पाना लावा. दांडा फोर्कच्या खळग्यात नीट बसलाय ना ते बघा आणि बोल्ट आवळा.

हवा काढणं : इथेच बहुतेकांचं चुकतं

वरची टाकी ऑइलने भरा. खाली निपलला नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एक माणूस पेडलवर, एक खाली. क्रम असा : पेडल दाबून धरा, निपल उघडा, ऑइल-हवा बाहेर येऊ द्या, निपल बंद करा, मगच पेडल सोडा. पेडल तळालाच राहिलं तर हाताने वर ओढा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा. दर चार-पाच वेळांनी टाकी बघा. ती रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हे ऑइल परत टाकीत ओतू नका.

काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तुमची तशी असेल तर ब्रेकचं पेडलही तपासा. ते मऊ लागलं तर गाडी हलवू नका, मेकॅनिकला बोलवा.

रस्त्यावर नेण्याआधी

बॅटरीची वायर जोडा. समोर-मागे कोणी नाही हे बघून इंजिन चालू करा. क्लच पूर्ण दाबून रिव्हर्स टाका, आवाज न होता पडला पाहिजे. मग ब्रेकवर पाय ठेवून, क्लच दाबूनच मिनिटभर थांबा. गाडी सरकायला लागली तर हवा राहिली आहे किंवा दांड्याचं माप चुकलंय. मोकळ्या गाडीने गावात एक फेरी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी आणि सिलिंडरखालची जमीन बघा. दोन्ही ठीक असेल तरच माल भरा.

एवढं सांगायचं कारण म्हणजे बाजार समितीतली रांग. तिथे गाड्या एकामागे एक, मध्ये माणसं उभी. क्लच सुटला नाही तर गियर टाकताच भरलेली गाडी पुढे उडी मारते. येवला असो, अंदरसूल असो की लासलगाव, गळका क्लच घेऊन आजचा दिवस निघून जाईल म्हणत रांगेत उभं राहू नका. त्यापेक्षा शेजाऱ्याची गाडी भाड्याने सांगा.

शेवटचं पण महत्त्वाचं

ब्रेक ऑइल विषारी आहे. जुनं ऑइल बांधावर, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या गव्हाणीकडे ओतू नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर ठेवूच नका, लेकरं पिऊ शकतात. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवून दवाखाना गाठा. गाडीच्या रंगावर पडलं तर लगेच पाणी मारा.

पुढे गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, ऑइल बदलत जा. पावसाळा संपला की एकदा खाली वाकून रबरी टोपण फाटलंय का ते बघा. त्यासाठी पाच मिनिटं लागतात आणि ऐन कांद्यात गाडी उभी राहत नाही.