पटसंख्येची दलाली

शाळेचा पट भरावा म्हणून गुरुजींनी घरोघर हिंडावे, ही गोष्ट आपणांस नवी नाही. ‘मुलीला शाळेत धाडा, एवढे वर्ष वाया घालवू नका,’ अशी विनवणी करणारे शिक्षक आपल्याकडे गावोगाव होऊन गेले. परंतु दारी येणाऱ्या माणसाचा पगारच जर त्याने पटावर किती नावे चढविली ह्यावर ठरू लागला, तर त्याच विनवणीचे रूप कसे पालटते, ह्याचा इतिहास अमेरिकेत घडला आहे. तो आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ एका उदार कायद्यापासून होतो. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी एका कायद्यावर सही केली. शिकू इच्छिणाऱ्या सैनिकाची वर्षाकाठी ५०० डॉलरपर्यंतची फी सरकारने भरावी व निर्वाहासाठी दरमहा भत्ताही द्यावा, अशी तरतूद त्यात होती. सुमारे ७८ लाख सैनिकांनी शिक्षणाची ही सवलत घेतली आणि त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. ज्यांच्या घराण्यात कोणी पदवी पाहिली नव्हती, अशी कितीतरी माणसे त्यामुळे पदवीधर झाली.

परंतु गूळ तेथे मुंगळे! फी सरकार भरणार हे दिसताच, नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांचे पीक आले. त्यांतील काहींचे लक्ष शिकविण्यापेक्षा हजेरीपट भरण्याकडेच अधिक होते. म्हणून कोरियातील युद्धाच्या सैनिकांसाठी १९५२ साली नवा कायदा करताना एक अट घालावी लागली. एखाद्या अभ्यासक्रमातील शेकडा ८५ हून अधिक विद्यार्थी जर सरकारी खर्चाने शिकणारे असतील, तर तेथे नव्या सैनिकाचा खर्च सरकार उचलणार नाही. मागचा तर्क सरळ होता. माल खरा असेल, तर पदरचे पैसे मोजून तो घेणारा कोणीतरी सापडलाच पाहिजे.

पुढे १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत उच्च शिक्षणाचा मोठा कायदा झाला. १९७२ च्या दुरुस्तीने सरकारी शिष्यवृत्ती व कर्ज ह्यांची दारे नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांतील विद्यार्थ्यांनाही अधिक मोकळी झाली. पैसा आता विद्यार्थ्याच्या मागोमाग चालू लागला. गरीब विद्यार्थी ही संस्थेला जड होणारी जबाबदारी राहिली नाही. तोच तिच्या तिजोरीची किल्ली झाला.

१९७६ साली जॉन स्पर्लिंग नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने फीनिक्स विद्यापीठाची स्थापना केली. दिवसा नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवावेत, ही त्याची कल्पना खोटी नव्हती. जुन्या विद्यापीठांनी ह्या वर्गाकडे पाठ फिरविली होती, हे सत्यच होते. १९९४ साली ह्या विद्यापीठाच्या मालक कंपनीचे शेअर बाजारात आले आणि २०१० च्या सुमारास पटसंख्या पावणेपाच लाखांच्या घरात पोहोचली. शेअरबाजार वाढ मागतो आणि अशा विद्यापीठात वाढ म्हणजे नवे प्रवेश. ती आणण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांना ‘प्रवेश-सल्लागार’ असे भारदस्त नाव होते.

हा सल्लागार काय करी? जाहिरात पाहून ज्याने आपला दूरध्वनी क्रमांक कळविला, अशांच्या याद्या कंपन्या विकत घेत. यादी हाती पडताच, दुसऱ्या संस्थेचा माणूस गाठण्यापूर्वी, त्या माणसाला गाठावयाचे. समोर छापील संवाद असे. सध्याची नोकरी कशी आहे, मुलांना काय देता येत नाही, आयुष्यात काय राहून गेले, असे प्रश्न विचारीत दुखरी जागा शोधावयाची आणि ती सापडली की प्रवेश-अर्ज हेच तिच्यावरील औषध म्हणून पुढे करावयाचे. आठवड्याला अमुक दूरध्वनी, महिन्याला अमुक प्रवेश, असा हिशेब फळ्यावर मांडलेला असे. आकडा चुकला तर नोकरी जाई. तो सल्लागारही बहुधा घरभाड्याची विवंचना असलेला तरुणच असे, हे विसरता कामा नये.

ही वाट धोक्याची आहे हे राज्यकर्त्यांना कळले नव्हते असे नाही. १९९० साली सिनेटर सॅम नन यांच्या उपसमितीने अशा शाळांतील गैरव्यवहारांची चौकशी केली आणि १९९२ च्या कायद्याने प्रवेशामागे दलाली, बक्षिसी वा वाढावा देण्यास बंदी घातली. मात्र २००२ साली शिक्षणखात्याने त्या कायद्याखाली बारा सवलती जाहीर केल्या. त्यांपैकी एकीनुसार, वर्षातून दोनदापर्यंत पगार कमीजास्त करण्यास मुभा मिळाली. तो ‘केवळ’ प्रवेशांच्या संख्येवर ठरविलेला नसावा, एवढेच बंधन उरले. श्रोतेहो, कायद्यात एक ‘केवळ’ हा शब्द शिरला आणि बंद केलेले दार पुन्हा किलकिले झाले.

ह्याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो आतूनच. फीनिक्स विद्यापीठाच्या दोन माजी प्रवेश-सल्लागारांनी २००३ साली फिर्याद दाखल केली. तिचा आधार होता १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरविणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला कायदा. सरकारची फसवणूक उघड करणाऱ्या सामान्य नागरिकासही त्याखाली दावा लावता येतो. २००९ साली तडजोड झाली. विद्यापीठाने दोष कबूल केला नाही. परंतु ६ कोटी ७५ लाख डॉलर मोजले.

२०१० साली सरकारी हिशेबतपासनिसांच्या माणसांनी विद्यार्थ्यांचे सोंग घेऊन अशा पंधरा महाविद्यालयांचे उंबरे झिजविले. पंधराही ठिकाणी त्यांना दिशाभूल करणारी वा शंकास्पद माहिती मिळाली. चार ठिकाणी तर अर्जात खोटे लिहिण्याचाच सल्ला मिळाला. १ जुलै २०११ पासून त्या बारा सवलती रद्द झाल्या. सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने २०१२ साली तीस कंपन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत २०१० साली प्रवेश मिळविणारे नोकर होते ३५,२०२ आणि विद्यार्थ्यांना नोकरी मिळविण्यास साहाय्य करणारे ३,५१२. म्हणजे आत ओढणारे हात दहा, तर पार पोहोचविणारा एक! २००८-०९ साली प्रवेश घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी २०१० च्या मध्यापर्यंत पदवीवाचून बाहेर पडले होते. कर्ज मात्र त्यांच्यासोबत बाहेर पडले.

कॉरिंथियन नावाची मोठी कंपनी एप्रिल २०१५ मध्ये आपली महाविद्यालये बंद करून मोकळी झाली. तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५ अब्ज ८० कोटी डॉलरचे कर्ज सरकारने माफ केल्याची घोषणा २०२२ साली झाली. गेलेली वर्षे माफ करण्याची सोय कोणत्याही सरकारजवळ नसते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे म्हणून सुटता येणार नाही. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला, तेव्हा तेथील पटावरचे बहुसंख्य विद्यार्थी भारतीय, आणि त्यांतील पुष्कळसे हैदराबाद व तत्कालीन आंध्र प्रदेश येथील होते. कित्येकांच्या पायांत, ठावठिकाणा कळविणारे यंत्र अडकविले गेले. नवा विद्यार्थी आणणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला फीचा वाटा देण्याची रीत तेथेही होती. फसलेलाच पुढे दलाल व्हावा, ही ह्या व्यवहाराची सर्वांत दुःखद पायरी होय.

नफ्यासाठी चालणारी प्रत्येक संस्था लबाड असते, असे माझे म्हणणे नाही. त्या दूरध्वनीवर ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांची शिकण्याची तहान खरी होती; आणि ‘तुम्हीही शिकू शकाल’ हे शब्द त्यांच्याशी बोलणारा कित्येकदा तो सल्लागारच पहिला होता. म्हणूनच फसवणूक एवढी खोल गेली. आपल्या घरातील मुलामुलींसाठी असा गोड आवाज ऐकू येईल, तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? आणि आज माझे नाव पटावर चढले, तर तुमच्या पगारात काय फरक पडतो? पहिल्याचे उत्तर आकड्यांत मिळेल. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास जितका वेळ लागेल, तितके ते अधिक स्पष्ट असेल.