दवाखाना कोणाचा?

सव म्हटलं की बाहेरच्या माणसाला गरम पाण्याचे झरे आठवतात. महाडपासून जवळच, सावित्रीच्या काठाला. अंगाला खाज सुटली, सांधे धरले, जुनं दुखणं उचल खाऊ लागलं की झऱ्यावर जाऊन आंघोळ करायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. गुण येवो न येवो, झऱ्याला कोणी जाब विचारत नाही. तो कोणाच्या पगारावर नाही आणि त्याच्यासाठी कोणी कर भरलेला नाही.

सरकारी दवाखान्याचं तसं नाही. तो आपल्या पैशाने चालतो. पण गंमत अशी की आपल्याकडची बरीच माणसं दवाखान्याकडेही झऱ्यासारखंच बघतात. डॉक्टर भेटले तर नशीब, औषध मिळालं तर देव पावला, नाही तर रिक्षा करून महाडला खाजगीत. वर "सरकारी आहे, असंच चालायचं" हे ठरलेलं वाक्य. या वाक्याचा मला फार राग येतो, म्हणून आज लिहायला बसलो. थोडा इतिहासाचा तास होईल. जन्माची सवय आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात महाडच्या चवदार तळ्यापासूनच करावी लागेल. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या पाण्यामागे एक कागद होता, त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मंजूर करून घेतला. त्याचा आशय असा, की सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणं अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुली असावीत. पुढे त्याच यादीत शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने आहेत.

होय, दवाखाने! तळ्याच्या लढ्यापुढे हा शब्द झाकून गेला. पण ठरावाचा पाया बघा. त्यात दया नाही, भूतदया नाही, धर्मही नाही. पैसा सार्वजनिक आहे, म्हणून वस्तू सार्वजनिक आहे, एवढंच सरळ गणित. महाड नगरपालिकेने १९२४ साली या ठरावानुसार तळं खुलं केलं. कागदावर! प्रत्यक्षात कोणाची पाण्याला हात लावायची हिंमत होत नव्हती.

बोले स्वस्थ बसले नाहीत. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. पहिला ठराव ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं अमलात आणणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करावं अशी शिफारस त्यात होती. मला हा दुसरा ठराव पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. चांगला निर्णय घेणं एक, आणि तो अमलात आला नाही तर पैशाची नाडी कोण आवळणार हे सांगणं दुसरं. आज ज्याला उत्तरदायित्व असं जड नाव आहे ते याहून वेगळं काय आहे?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सत्याग्रहानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, तळं खाजगी आहे. खटला महाडहून ठाण्याला आणि तिथून मुंबई हायकोर्टात गेला. १७ मार्च १९३७ ला निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. तळ्यावर फक्त सवर्णांचीच वहिवाट अनादि काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. बोल्यांच्या पहिल्या ठरावापासून मोजली तर चौदा वर्षं गेली, आणि प्रश्न काय होता? तळं कोणाचं!

हाच प्रश्न मी दवाखान्याला लावून बघतो. दवाखाना कोणाचा?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकता कामा नये, हे त्याचं मुख्य सूत्र. त्यातूनच पुढे १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. आपल्या राज्यात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रं त्यांच्याकडे गेली. तालुक्याची ग्रामीण रुग्णालयं मात्र राज्य सरकारकडे. म्हणजे खेड्यातला दवाखाना एकाचा आणि तालुक्यातला दुसऱ्याचा. रुग्ण मधल्या रस्त्यावर दगावला तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. दोन्ही वरिष्ठ कचेऱ्या अलिबागला. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाने दाद मागायची तर एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चं जाण्यायेण्याचं भाडं आधी खिशात हवं.

पण याच व्यवस्थेत आपल्या तालुक्यात एक मोठी गोष्टही घडली. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून, गरिबीतून आलेला तरुण डॉक्टर. आपल्याकडे लाल विंचवाचं भय मोठं. कौलांत, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, कधी चपलेत. विंचू चावला की मांत्रिक ठरलेला. दवाखान्यात आणलं तरी घाम सुटून, हातपाय गार पडून, तोंडाला फेस येऊन माणूस जायचा. जास्त करून मुलं.

बावस्करांनी काय केलं, तर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि लिहून ठेवलं. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, श्वास कधी लागला. विषामुळे आधी रक्तदाब भडकतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे या नोंदींतून त्यांच्या लक्षात आलं. पुण्याला एम.डी. करून ते परत कोकणातच आले. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं. साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण जायचे, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात महाडचं नाव छापून आलं ते असं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी अभिमानाने सांगितली आहे. पण त्या अभिमानात एक काटा आहे. इतकी मुलं वर्षानुवर्षं जात होती, तेव्हा हे कोणी मोजलं का नाही? रक्तदाब मोजायचं यंत्र आधीही होतं, वहीही होती. त्या खुर्चीवर बावस्करांच्या जागी दुसरा, बदलीची वाट बघणारा कोणी आला असता तर? चांगला डॉक्टर लाभणं हे गावाचं भाग्य खरं, पण सरकारी सेवा भाग्यावर चालावी असं भोर समितीने कुठे लिहिलं नव्हतं.

मोजण्याचा मुद्दा आला म्हणून मुंबईची एक घटना सांगतो. १९८६ साली जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्याने चौदा रुग्ण दगावले. औषधाच्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. औषध कोणाकडून घेतलं, कोणी तपासलं, कोणी सही केली, हे त्यांनी एकेक करून उकरून काढलं. रुग्णालयाची खरेदी आणि अन्न व औषध प्रशासनाचा कारभार उघड्यावर आला, ताशेरे मंत्र्यांपर्यंत गेले. सरकारी पैशाने विष विकत घेतलं गेलं होतं, आणि ते सगळं रीतसर, बिलं-पावत्यांसकट!

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळं होती. तेव्हा हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदी, रिकाम्या जागा, अंदाजपत्रक, सगळी चर्चा पुन्हा झाली. दोन्ही वेळी दखल घेतली गेली, ते योग्यच झालं. पण माझ्या मनात येतं ते असं, की एका छपराखाली चौदा किंवा चोवीस माणसं गेली म्हणून आयोग बसतो, कोर्ट जागं होतं. वाडीवर वर्षात एक बाळंतीण जाते, पावसाळ्यात एक सर्पदंशाचा, चैत्रात एक विंचवाचा.. हे मृत्यू सुटे असतात. सुट्या मृत्यूंवर आयोग बसत नाही. त्यांचा हिशोब गावानेच मागायचा असतो.

आणि मागायची सोयही आहे बरं का! २००५ साली दोन गोष्टी झाल्या. माहितीचा अधिकार आला आणि राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. अभियानात प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला दहा हजार रुपये बंधमुक्त निधी म्हणून ठरला, त्याचं खातं सरपंच आणि नर्सबाई यांच्या संयुक्त नावाने. गावपातळीवर आरोग्य समिती, प्राथमिक केंद्राला रुग्ण कल्याण समिती. रक्कम मोठी नाही. पण खाटेची गादी, दिव्याची बत्ती, तातडीची जीप, यासाठी अलिबागच्या सहीची वाट बघायला लागू नये हा हेतू. पुढे कॅगच्या तपासणीत दिसलं की अभियानाचा बराच पैसा ठिकठिकाणी न खर्चता पडून होता. २००७ पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकरीच आपल्या दवाखान्याला लाल, पिवळा, हिरवा शेरा देणार आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी समोर बसून उत्तरं द्यायची. प्रगतिपुस्तकच म्हणा ना! आयुष्यभर मुलांची प्रगतिपुस्तकं भरलेल्या माणसाला ही कल्पना आवडणारच.

आता आपल्या लोकांचं बघा. शिमग्याच्या पालखीचा हिशोब आपण कसा वाचतो? पन्नास रुपये नारळाला जास्त लागले तर अर्धा तास वाद. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेत एका पावतीवरून भावकी दोन वर्षं बोलत नाही. म्हणजे हिशोब मागायची आपल्याला लाज नाही आणि अक्कलही भरपूर आहे. मग तीच माणसं ग्रामसभेत दवाखान्याच्या विषयाला गप्प का? मला वाटतं, वर्गणी आपण हाताने दिलेली असते म्हणून ती आपली वाटते. कर मात्र काडेपेटीपासून डिझेलपर्यंत गुपचूप कापला जातो, म्हणून तो कोणाचाच वाटत नाही. बोल्यांनी १९२३ साली मांडलेलं गणित आपल्याला अजून सुटलेलं नाही.

तेव्हा नातेवाईकांना, विशेषतः गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना माझी एक विनंती. येताना पेढ्यांबरोबर चार प्रश्न घेऊन या. आपल्या उपकेंद्राला या वर्षी किती पैसे आले आणि कशावर गेले? केंद्रात विंचू आणि सर्पदंशाची औषधं आज किती शिल्लक आहेत? मंजूर जागा किती, भरलेल्या किती? रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत, तेव्हा "पैसे देतो म्हणून विचारतो" असं म्हणायची संधी गेली असं कोणी समजू नये. पैसे आधीच दिलेले आहेत.

विचारताना आवाज चढवायचं कारण नाही. नर्सबाईंवर आणि आशाताईंवर तर मुळीच नाही. सगळ्यात कमी अधिकार आणि सगळ्यात जास्त पायपीट त्यांचीच असते. बऱ्याचदा तेच प्रश्न त्यांनाही वर विचारायचे असतात, पण त्यांचं कोण ऐकणार? गावाचा ठराव पाठीशी असला तर त्यांनाही बळ येईल.

असो, बरंच लांबलं. तुमच्या गावच्या दवाखान्याचा हिशोब कोणी कधी मागितला असेल, तर काय उत्तर मिळालं ते जरूर कळवा.