वऱ्हाडच्या मध्ययुगीन इतिहासावरील ग्रंथ

वऱ्हाडच्या मध्ययुगीन इतिहासावरील ग्रंथ म्हणजे विदर्भाच्या पश्चिम भागाचा, म्हणजे आजच्या अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या जिल्ह्यांच्या प्रदेशाचा, सुमारे तेराव्या ते अठराव्या शतकापर्यंतचा इतिहास सांगणारी मूळ साधने आणि त्यांवर आधारलेले नंतरचे लेखन होय. यातील मूळ साधने दोन भिन्न परंपरांमधून आली आहेत. रिद्धपूर परिसरात निर्माण झालेले महानुभाव पंथाचे मराठी गद्य ही पहिली परंपरा, तर दख्खनच्या व दिल्लीच्या दरबारांत लिहिल्या गेलेल्या फार्सी तवारिखा ही दुसरी. पहिल्या परंपरेत गाव, घर व सामान्य माणूस दिसतो. दुसरीत किल्ले, लढाया, सुभेदार व महसूल यांची नोंद आढळते. त्यामुळे केवळ एकाच परंपरेवर विसंबून केलेले या प्रदेशाचे वर्णन अपुरे राहते.

कालमर्यादा

‘मध्ययुग’ ही संज्ञा मूळची युरोपीय आहे. इटलीतील मानवतावादी विद्वानांनी प्राचीन ग्रीक-रोमन काळ आणि आपला काळ यांच्या मधल्या शतकांना उद्देशून ही कल्पना वापरली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अध्यापक क्रिस्टोफ सेलारियस याच्या पाठ्यपुस्तकांमुळे प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन अशी त्रिविध विभागणी रूढ झाली. युरोपच्या इतिहासात इ.स. ४७६ मधील पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवट ते पंधराव्या शतकाची अखेर असा हा काळ सामान्यतः धरला जातो.

वऱ्हाडला ही वर्षे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. येथे देवगिरीच्या यादवांच्या उत्तरकाळापासून १७२४ मधील साखरखेर्ड्याच्या लढाईपर्यंतचा काळ मध्ययुगीन मानणे सोयीचे ठरते. या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला व दख्खनमधील निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला.

राजकीय पार्श्वभूमी

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली, तेव्हा त्याचा मार्ग एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून गेला होता. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यावर वऱ्हाड हा त्याच्या चार तरफांपैकी एक झाला. पुढे महमूद गावान या वजिराने तरफांची फेररचना करून वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग केले. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क याने स्वतंत्र इमादशाहीची स्थापना केली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने हे राज्य जिंकले आणि १५९६ च्या तहान्वये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले. पुढे वाचावयाचा प्रत्येक ग्रंथ या क्रमातील कोणत्या टप्प्यावर व कोणाच्या बाजूने लिहिला गेला, हे लक्षात घेणे आवश्यक असते.

महानुभाव गद्यग्रंथ

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान होते. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभट यांनी संकलित केल्या. सुमारे १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला हा संग्रह म्हणजेच ‘लीळाचरित्र’ होय. ‘एकांक’, ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’ अशी त्याची रचना आहे. ज्यांनी प्रसंग पाहिले किंवा ऐकले त्यांना भेटून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या, असे परंपरा सांगते. साक्षीदार शोधण्याची ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटते. गोविंदप्रभूंच्या आठवणींचा संग्रह ‘गोविंदप्रभुचरित्र’ किंवा ‘रिद्धपूरलीळा’ या नावाने ओळखला जातो.

या ग्रंथांचा हेतू धार्मिक आहे. तथापि प्रसंग सांगताना अन्न, वस्त्र, बाजार, प्रवास, आजारपण, घरांची रचना आणि जातिजातींमधील व्यवहार यांची माहिती ओघाने येत जाते. गोविंदप्रभूंचे कोणत्याही घरात शिरणे, हवे ते खाणे आणि त्यांना वेडे म्हणावे की देव, असा गावकऱ्यांना पडलेला प्रश्न यांतून तेराव्या शतकातील एक नांदते गाव उभे राहते. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामींनी वास्तव्य केलेल्या स्थानांची व देवळांची दिशांसह नोंद आहे, ऐतिहासिक भूगोलासाठी ती उपयुक्त आहे. ‘स्मृतिस्थळ’ हा ग्रंथ नागदेवाचार्यांच्या काळातील पंथजीवन दाखवतो.

हे वाङ्मय सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले गेल्याने दीर्घकाळ पंथाबाहेरील वाचकांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा झाला. वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्रा’चे भाग प्रकाशात आणले, तर शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांनी त्याच्या संपादित आवृत्त्या सिद्ध केल्या. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या कोलते यांनी ‘गोविंदप्रभुचरित्रा’चेही संपादन केले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला.

फार्सी तवारिखा

वऱ्हाडच्या राजकीय इतिहासाची मुख्य मदार फार्सी ग्रंथांवर आहे. अल्लाउद्दीनच्या देवगिरी स्वारीसाठी झियाउद्दीन बरनी याची ‘तारीख-ए-फिरोजशाही’ पाहिली जाते. बहमनी व इमादशाही काळासाठी महंमद कासीम फेरिश्ता याचा ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ हा ग्रंथ सर्वाधिक वापरला गेला आहे. तो विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिला गेला. त्यात इमादशाहीवर स्वतंत्र पण लहान प्रकरण आहे. फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातील हिंदू घराण्यात जन्मला व बालपणी पकडला जाऊन वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला, ही माहिती फेरिश्ता देतो. गाविलगडाची उभारणी बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ मध्ये केल्याचेही तोच सांगतो. जॉन ब्रिग्ज याने केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. भ. ग. कुंटे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आहे.

‘बुऱ्हान-ए-मआसिर’ हा सय्यद अली तबातबा याचा ग्रंथ अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहासाठी लिहिला गेला. वऱ्हाडवरील १५७४ च्या विजयाची हकीकत त्यात जिंकणाऱ्याच्या बाजूने आलेली आहे. नामधारी बुऱ्हाण इमादशहाला नरनाळ्यावर कैदेत ठेवून सत्ता बळकावणारा तुफालखान या प्रसंगाच्या केंद्रस्थानी आहे. फेरिश्ता व तबातबा हे दोघेही शेजारच्या दरबारांचे लेखक होत. एलिचपूरच्या दरबाराची बाजू त्यांच्या लेखनातून ऐकू येत नाही, ही मर्यादा वाचकाने ध्यानात ठेवावी लागते.

मोगल काळासाठी अबुल फजलचा ‘आईन-ए-अकबरी’ अपरिहार्य आहे. वऱ्हाड हे नाव वर्धा नदी व तट या शब्दांवरून आलेल्या ‘वर्धातट’ या नावाचे रूप आहे, असे तो मानतो. गाविल, नरनाळा, मेहकर, बाशीम, माहूर, पाथरी इत्यादी सरकारांची व त्यांतील महालांच्या महसुलाची नोंद त्यात आहे. लोणारचे सरोवर व तेथील क्षार यांचा उल्लेख आढळतो. बाळापूरजवळ शाहजादा मुरादने वसवलेल्या शाहपूरचेही वर्णन येते. औरंगजेबाच्या काळासाठी भीमसेन सक्सेना याच्या आठवणी महत्त्वाच्या असून सेतुमाधवराव पगडी यांनी त्या ‘मोगल आणि मराठे’ या ग्रंथाद्वारे मराठीत आणल्या.

शिलालेख व वास्तू

ग्रंथांतील माहिती पडताळण्यासाठी शिलालेखांचा आधार घेतला जातो. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावर बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशहाच्या कारकिर्दीतील फार्सी लेख कोरलेला आहे. चिखलदऱ्याजवळील गाविलगडाच्या दरवाज्यांवरील शिल्पांत सिंह व गंडभेरुंड आढळतात. दरबारी तवारिखांत किल्ला हा जिंकण्याचा विषय असतो; तो कोणत्या कारागिरीने सजवला गेला हे मात्र दगडच सांगतात.

गॅझेटियर

१८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. आल्फ्रेड लायल याने संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये निघाले. त्यानंतर अकोला (१९१०) व अमरावती (१९११) या जिल्ह्यांची स्वतंत्र गॅझेटियरे प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र शासनाने अमरावतीची सुधारित आवृत्ती १९६८ मध्ये, तर अकोल्याची १९७७ मध्ये काढली. गावे, किल्ले, दर्गे व देवळे यांच्या माहितीसाठी ही गॅझेटियरे आजही उपयोगी पडतात. जुन्या आवृत्त्यांतील मध्ययुगीन इतिहास मुख्यतः फेरिश्तावर बेतलेला आहे. इंग्रजी अंमलापूर्वीचा काळ अव्यवस्थेचा होता, असे सुचवण्याकडेही त्यांचा कल दिसतो.

मराठी व इंग्रजी इतिहासग्रंथ

बुलढाण्याचे यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ (१९२४) हा या प्रदेशाचा सलग इतिहास मराठीत मांडणारा महत्त्वाचा ग्रंथ आहे. त्यांचाच ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४) भोसल्यांच्या काळासाठी पूरक ठरतो. ‘वऱ्हाडचा इतिहास’ प्रसिद्ध झाला तेव्हा ‘लीळाचरित्र’ सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आलेले नव्हते. त्यामुळे काळ्यांच्या ग्रंथाशेजारी महानुभाव साधने ठेवून वाचणे इष्ट ठरते. गो. स. सरदेसाई यांची ‘मुसलमानी रियासत’ (१८९८) बहमनी व मोगल सत्तांची व्यापक पार्श्वभूमी देते.

इंग्रजीत वुल्झली हेग यांचे ‘हिस्टॉरिक लँडमार्क्स ऑफ द डेक्कन’ (१९०७) हे पुस्तक स्थळांच्या अंगाने इतिहास सांगते. हा. खा. शेरवानी व पु. म. जोशी यांनी संपादित केलेल्या ‘हिस्टरी ऑफ मिडीव्हल डेक्कन’ या द्विखंडात्मक ग्रंथाचा (१९७३-७४) पहिला खंड मुख्यतः राजकीय, तर दुसरा सांस्कृतिक इतिहासाला वाहिलेला आहे. रिचर्ड ईटन यांच्या ‘ए सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन’ (२००५) या ग्रंथात महमूद गावान, मलिक अंबर, तुकाराम, ताराबाई इत्यादी व्यक्तींच्या चरित्रांतून समाजाचा इतिहास मांडला आहे.

युरोपीय मध्ययुगीन इतिहासलेखनाशी तुलना

युरोपच्या मध्ययुगाचा इतिहासही दीर्घकाळ राजे, पोप व धर्मयुद्धे यांच्याभोवती फिरत होता. आयलीन पॉवर यांचे ‘मिडीव्हल पीपल’ हे पुस्तक १९२४ मध्ये, म्हणजे काळ्यांच्या ‘वऱ्हाडच्या इतिहासा’च्याच वर्षी प्रसिद्ध झाले. एका मठाच्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीवरून त्यांनी बोदो या शेतकऱ्याचा दिनक्रम उभा केला. मार्क ब्लोक यांच्या ‘ला सोसिएते फेओदाल’ (१९३९-४०) या ग्रंथाने सरंजामी समाजातील परस्परसंबंधांचे विश्लेषण केले. रा. श. शर्मा यांच्या ‘इंडियन फ्यूडॅलिझम’ (१९६५) या ग्रंथानंतर ही संकल्पना भारताला कितपत लागू पडते, यावर मोठा वाद झाला. हरबन्स मुखिया यांनी तिच्या उपयोगाबद्दल शंका व्यक्त केली.

वऱ्हाडच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे उदाहरण एमान्युएल ल रुआ लादुरी यांच्या ‘माँतायू’ (१९७५) या ग्रंथाचे आहे. दक्षिण फ्रान्समधील एका डोंगराळ गावातील रहिवाशांनी १३१८ ते १३२५ या काळात बिशप झाक फुर्निए याच्या धर्मन्यायासनापुढे दिलेल्या जबान्यांवरून तो लिहिला गेला. मेंढपाळ, घरधनिणी व शेतकरी यांचे बोलणे त्यात टिकून राहिले आहे. ‘लीळाचरित्र’ व ‘गोविंदप्रभुचरित्र’ हे त्याहून काही दशके आधीचे आहेत. तेथे माणसे भीतीपोटी बोलली आणि पाखंडी ठरवण्यासाठी त्यांचे बोलणे लिहून घेतले गेले. येथे ती भक्तीपोटी बोलली आणि आठवण टिकावी म्हणून ते लिहिले गेले. दोन्हीकडे लिहिणाऱ्याचा हेतू इतिहास नव्हता, तरीही राजदरबाराबाहेरचा माणूस इतिहासात आला तो याच मार्गाने.

वाचनाचा क्रम व घ्यावयाची काळजी

नव्या वाचकाने प्रथम सुधारित जिल्हा गॅझेटियरमधील इतिहासाचे प्रकरण व काळ्यांचा ग्रंथ वाचल्यास घटनाक्रम स्पष्ट होतो. त्यानंतर फेरिश्ताचे इमादशाहीवरील प्रकरण आणि ‘आईन-ए-अकबरी’तील वऱ्हाड सुभ्याचे वर्णन वाचावे. मग ‘गोविंदप्रभुचरित्र’ हाती घेतल्यास, ज्या मुलखाचा महसूल ‘आईन’मध्ये आकड्यांत दिसतो तेथील माणसांची ओळख होते.

वाचताना पुढील बाबी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते:

• फार्सी ग्रंथांतील हिजरी वर्ष चांद्र असल्याने एका हिजरी वर्षाचा काही भाग इसवी सनाच्या एका वर्षात व उरलेला पुढच्या वर्षात येऊ शकतो. शक वर्षात सामान्यतः ७८ मिळवून इसवी सन काढतात. एकाच घटनेची वर्षे ग्रंथागणिक एका वर्षाने भिन्न दिसतात, त्याचे हे एक कारण होय.
• स्थलनामांची रूपे भिन्न असतात. एलिचपूर म्हणजे अचलपूर, बाशीम म्हणजे वाशीम आणि बेरार म्हणजे वऱ्हाड.
• ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्रात नष्ट झाली व पुढे स्मरणाने पाठ सिद्ध केले गेले, असे परंपरा मानते. त्यामुळे पाठभेद पुष्कळ आहेत. अवतरण देताना आवृत्ती नमूद करावी.
• सुभ्याच्या सीमा बदलत राहिल्या. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात पवनार, माहूर व पाथरी यांचाही समावेश होता. म्हणून सुभ्याविषयीची विधाने आजच्या वऱ्हाडातील जिल्ह्यांना सरसकट लावता येत नाहीत.