तेरणाकांठचा भूकंप आणि जाकोबीचें कोष्टक

गणितांतील अमूर्त कल्पनांचा आपल्या घरादारांशीं कांहीं संबंध नसतो, असा समज सुशिक्षितांतहि आढळतो. धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासांतील एक शोककारक प्रसंग आम्हांस याच्या उलट सांगतो.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं तेरणाकांठ हादरला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारीबरोबर या जिल्ह्यांतील सास्तूर, होळी, राजेगांव हीं गांवेंहि कोसळलीं. हजारों माणसें माळवदांच्या मातीखालीं गाडलीं गेलीं. दगडमातीच्या जड भिंती हें एक कारण उघड होतें. दुसरें कारण जमिनीखालीं शोधावयाचें होतें : भूकंपाचें केंद्र किती खोल होतें ?

हा शोध घेण्याची रीत जर्मन गणिती जाकोबी (१८०४–१८५१) याच्या १८४१ मधील निबंधाशीं नातें सांगते. अनेक राशि अनेक कारणांवर अवलंबून असल्या, तर एकेक कारण किंचित् बदलावें, इतर स्थिर ठेवावीं, प्रत्येक राशींत पडणाऱ्या फरकाचें प्रमाण काढावें आणि हीं प्रमाणें ओळी-स्तंभांत मांडावीं. हेंच जाकोबीचें कोष्टक. १९१० सालीं गायगर यानें ही रीत भूकंपास लाविली. अक्षांश, रेखांश, खोली व वेळ या चार अज्ञातांचे चार स्तंभ. प्रत्येक वेधशाळेची एक ओळ. केंद्राचा अंदाज धरून लाटा केव्हां पोंचाव्यात तें काढावयाचें, आणि प्रत्यक्ष वेळेशीं पडलेल्या फरकावरून, कोष्टकाच्या साहाय्यानें, तो अंदाज सुधारीत जावयाचा.

परंतु हें कोष्टक आपली दुर्बलताहि सांगतें. हैद्राबाद व पुणें हीं ठिकाणें येथून दोनशें किलोमीटरांहून दूर. तितक्या अंतरावरून केंद्र थोडें अधिक खोल मानलें काय, किंवा धक्का क्षणभर आधीं बसला असें मानलें काय, फरक जवळजवळ सारखाच दिसतो. खोली व वेळ निरनिराळीं काढणें कठीण होतें. त्यासाठीं यंत्र केंद्राच्या माथ्यावरच हवें. म्हणून हैद्राबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें व पॉट्सडामच्या (जाकोबीचेंहि जन्मस्थान हेंच) पथकानें या परिसरांत तात्पुरतीं यंत्रें मांडून उत्तरधक्के नोंदविले. ते उथळ निघाले; म्हणजे आघात घरांच्या पायाशींच झाला होता.

१९९२ सालींच येथें लहान धक्के जाणवले होते. तथापि नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. २००२ च्या नकाशानें त्यास तिसऱ्या पट्ट्यांत घातलें. जी भूमि निर्भय मानली जाते, तेथें यंत्र बसत नाहीं. आणि जेथें यंत्र नाहीं, त्या स्थळाची ओळ कोष्टकांत येत नाहीं. हा दोष गणिताचा नव्हे, असें आम्हांस वाटतें.