फास्ट ब्रेक : वेगाइतकाच निर्णयही मोलाचा

मुळशी तालुक्यातील लवळे परिसरात सिंबायोसिस आणि फ्लेम या दोन विद्यापीठांची संकुले आहेत. तेथील खेळाडू असोत वा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे, बास्केटबॉल संघांपुढील अडचण सारखीच असते. शिक्षण संपताच खेळाडू संघ सोडतात, उंचपुरा सेंटर दरवर्षी लाभतोच असे नाही आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक पराभवही आव्हान संपवतो. उंचीत कमी पडणाऱ्या अशा संघासाठी प्रतिस्पर्ध्यांचा बचाव उभा राहण्यापूर्वीच केलेली चढाई, म्हणजेच 'फास्ट ब्रेक', हे प्रभावी अस्त्र ठरते. मात्र ते केवळ धावण्याने साधत नाही.

सुरुवात रिबाउंडपासून

फास्ट ब्रेकचा पाया बचावात असतो. रिबाउंड मिळवणाऱ्याने चेंडू खाली न आणता, हवेतच बाजूरेषेकडे वळून गार्डला 'आउटलेट पास' द्यावा. गार्डने चेंडू मैदानाच्या मध्यभागी आणावा आणि दोन सहकाऱ्यांनी दोन्ही कडांनी धावावे. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. आक्रमक ही रुंदी जितकी व्यापतील, तितका बचाव विरळ होतो. चौथा खेळाडू मागून येतो, तर पाचवा चेंडू गमावल्यास बचावासाठी सज्ज राहतो.

तिघांपुढे दोघे

तीन आक्रमकांपुढे दोन बचावपटू असतील, तर मधल्या खेळाडूने फ्री थ्रो रेषेजवळ थांबावे. बचावपटू अंगावर आला तर कडेच्या सहकाऱ्याला पास द्यावा. न आल्यास स्वतः बास्केटचा वेध घ्यावा. दोघांपुढे एकच बचावपटू असल्यास पास शक्य तितका उशिरा द्यावा. घाईने दिलेला पास बचावपटूला सावरण्याची संधी देतो.

संधी हुकली तर

संख्येचा लाभ उरला नसताना रेटलेली चढाई बहुधा चेंडू गमावूनच संपते. अशा वेळी मागून आलेल्या खेळाडूला पास देऊन 'पिक अँड रोल' खेळावा. त्यात एक खेळाडू चेंडूवाल्याच्या बचावपटूची वाट अडवतो आणि लगेच बास्केटकडे वळतो. 'गिव्ह अँड गो'मध्ये पास देणाराच बास्केटकडे धाव घेऊन चेंडू परत मिळवतो. दोन्ही डावपेच सोपे असल्याने नव्या संघालाही लवकर आत्मसात होतात.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २००० मध्ये चढाईची मुदत ३० वरून २४ सेकंदांवर आणली, तर चेंडू मध्यरेषेपलीकडे नेण्याची मुदत १० वरून ८ सेकंद केली. त्यामुळे वेगवान खेळाचे महत्त्व वाढले. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू आणि बास्केट यांच्यामध्ये कोणीही बचावपटू नसताना त्याला मागून किंवा बाजूने धक्का दिल्यास 'अनस्पोर्ट्समनलाइक' फाउल दिला जातो. त्याबद्दल दोन फ्री थ्रो आणि चेंडूचा ताबाही मिळतो.

सराव कसा करावा?

तिघांनी दोघांवर चढाई करावी. ती संपताच फटका मारणाऱ्याने बचावासाठी परतावे आणि आधीच्या दोन बचावपटूंनी त्याच्यावर चढाई करावी. दमलेल्या अवस्थेतही समोरचे बचावपटू मोजण्याची सवय या सरावातून लागते. केव्हा धावायचे आणि केव्हा थांबायचे, हे ज्या संघाला उमगले, त्याला उंचीची उणीव फारशी जाणवत नाही.