कूटशासन : खोट्या मुद्रेपासून खोट्या संकेतस्थळापर्यंत

राजमुद्रा जितकी जुनी, जवळजवळ तितकीच खोटी राजमुद्राही जुनी आहे. आपल्या धर्मशास्त्रग्रंथांत बनावट राजाज्ञेस ‘कूटशासन’ असा स्वतंत्र शब्द योजलेला आढळतो. आणि ज्या अपराधास स्वतंत्र नाव द्यावे लागते, तो अपराध समाजात विरळा नसतो हे उघड आहे. मनुस्मृतीने तर कूटशासन करणाऱ्यास देहान्त दंड सांगितला आहे. आज दूरध्वनीच्या पडद्यावर देवस्थानाचे नाव धारण करून भाविकांचे द्रव्य हरण करणारी जी बनावट संकेतस्थळे निर्माण झाली आहेत, त्यांचे कूळ शोधू गेल्यास ते या प्राचीन कूटशासनापर्यंत जाऊन पोहोचते. यास्तव प्रस्तुत लेखात या कुळाचा वृत्तान्त थोडक्यात देऊन, पूर्वजांनी खऱ्याखोट्याच्या निवाड्यासाठी कोणत्या युक्ती योजल्या व त्यांतील आपणास आज काय उपयोगी पडते, याचा विचार करावयाचा आहे.

उत्तर प्रदेशात मधुबन येथे सम्राट हर्षवर्धनाचा एक ताम्रपट सापडला. तो इ. स. ६३१ च्या सुमाराचा आहे. सोमकुण्डका नावाचे गाव वामरथ्य नावाचा एक ब्राह्मण कूटशासनाच्या बळावर उपभोगीत होता; हे ध्यानात आल्यावर राजाने ते शासन मोडले आणि ते गाव अन्य दोघा ब्राह्मणांस अग्रहार म्हणून दिले, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. राजाज्ञेचे नाव पुढे केले की गावकऱ्यांनी सारा द्यावा, हीच त्या काळची रीत. तेव्हा गावकरी भोळे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे जे आले ते केवळ शासनाचे बाह्य रूप होते, आणि रूपाची नक्कल करणे हाच तर कूटकाराचा धंदा. हा खोटेपणा अखेर राजाच्या दरबारीच ठरला, कारण आपण काय दिले आणि काय दिले नाही हे देणाऱ्यासच ठाऊक असते.

याज्ञवल्क्य स्मृतीत दानपत्र कसे असावे याचे विवेचन आहे. ते वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहावे. त्यावर राजाची मुद्रा असावी. दात्याचा वंश, दानाचे परिमाण व सीमा, राजाचा स्वहस्त आणि काल यांचा त्यात निर्देश असावा. इतक्या खुणा एकाच लेखात एकत्र करण्याचे कारण उघड आहे. एक खूण चोरता येते, सगळ्या खुणा एकमेकींशी जुळवून चोरणे कठीण जाते. बनावट ताम्रपट पुढे संशोधकांनी ओळखले ते याच मार्गाने. कोठे तिथी व वार यांचा मेळ बसला नाही, कोठे अक्षरांचे वळण त्या शतकाचे नव्हते, तर कोठे राजाची वंशावळ इतर लेखांशी विसंगत ठरली.

मराठेशाहीच्या दप्तरांत हीच दक्षता निराळ्या रूपाने दिसते. महत्त्वाच्या पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि मजकूर संपला तेथे मोर्तब, ही आपली परिचित पद्धत. ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची अक्षरे शोभेची नव्हेत. येथे लेखाची मर्यादा संपली, यापुढे कोणी एक अक्षर वाढविले तर ते धन्याचे नव्हे, असा त्यांचा अर्थ. लांब पत्राचे कागद एकास एक चिकटवीत, तेव्हा सांध्यावरही शिक्का उठवीत, म्हणजे मधला कागद काढून दुसरा घालण्याची सोय राहत नसे.

पण कागदावर मुद्रा उठविता येते, माणसावर येत नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. तथापि ते जिवंत आहेत अशी आशा अनेकांच्या मनात उरली होती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ साली निवर्तल्या, तोपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे टाकली नाहीत. या आशेच्या जमिनीतच तोतयाचे बीज रुजले. भाऊसाहेबांशी रूपाने साम्य असलेला एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी होऊन तो खोटा ठरला व कैदेत पडला. पुढे १७७६ साली रत्नागिरीच्या अधिकाऱ्यानेच त्यास मुक्त केले. पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले आणि हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. शेवटी आंग्र्यांनी त्यास पकडले, पुण्यास पुन्हा चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यास देहान्त शासन झाले.

या प्रकरणाचे मर्म असे की, एकदा चौकशी होऊन खोटा ठरलेला मनुष्य दुसऱ्यांदा खरा मानला गेला. पूर्वीचा निवाडा दप्तरात होता, पण तो विचारावयास कोण जाणार? ज्यास भाऊ परत यावेत असे वाटत होते, त्याने चेहरा पाहिला आणि तेवढ्यावर तो तृप्त झाला. ज्यास पुण्याच्या कारभाऱ्यांचा द्वेष होता, त्याने आपल्या सोयीसाठी विश्वास ठेवला. तोतयाचे खरे बळ त्याच्या चेहऱ्यात नसते. ते पाहणाऱ्याच्या आशेत, भीतीत किंवा लोभात असते.

द्रव्याच्या व्यवहारात मात्र आपल्या सावकारांनी आशेला फारशी जागा ठेविली नाही. परगावी पैसा पाठविण्यासाठी हुंडी लिहीत, तेव्हा रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून शिवाय तिची निमपट अमुक, त्याची दुप्पट पूर्ण, असेही लिहीत. म्हणजे एखादे शून्य वाढवून भागत नसे. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या गृहस्थासच मिळत. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पेठ आणि तीही गहाळ झाल्यास परपेठ, अशा प्रती देण्याची व्यवस्था होती. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हुंडी करणारा सावकार आपल्या आडतीच्या पेढीस निराळे सूचनापत्र पाठवी. हुंडी आणणारा एका वाटेने येई, तिची खात्री दुसऱ्या वाटेने येई. या दुसऱ्या वाटेतच सगळ्या सावकारी शहाणपणाचे सार आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. गोव्यातील कुलदेवतेचे महाजन व कुळावी शतकानुशतके बेळगाव, कारवार, मंगळूर, मुंबई येथे आणि त्याहूनही दूर पांगलेले आहेत. त्यांस घरबसल्या अभिषेक, अन्नदान वा निवासाची सोय करता येणे ही मोठीच सुविधा होय. परंतु जेथे श्रद्धा, अंतर आणि पैसा ही तिन्ही एकत्र येतात, तेथे तोतया यावयाचाच. तिरुमल-तिरुपती देवस्थानास बनावट संकेतस्थळांविरुद्ध वेळोवेळी पोलिसांत जावे लागले आहे. केदारनाथच्या हेलिकॉप्टर-तिकिटांच्या नावाने अनेक यात्रेकरू फसले. २०२३ पासून ही नोंदणी रेल्वेच्या आयआरसीटीसी या संस्थेकडे सोपविल्यावरही बनावट स्थळे उगवतच राहिली. जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेपूर्वीच, साधी मिठाई ‘राममंदिराचा प्रसाद’ म्हणून ऑनलाइन विकली जात असल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास एका मोठ्या विक्री-पेढीस नोटीस द्यावी लागली.

अशा स्थळी देवाचे छायाचित्र खरे असते, आरतीच्या वेळाही खऱ्या असतात. खोटा असतो तो केवळ पैसे घेणारा. तेव्हा पडद्यावरचे रूप पाहून निवाडा करू नये. मुद्रा पाहावयाची ती नावात. संकेतस्थळाचे नाव, पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचे, शेवटाकडून वाचावे. कारण आपल्याकडे आडनाव शेवटी येते, तद्वत् या नावाचेही कूळ शेवटी असते. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी संस्थांसच मिळतो. पण ‘जीओव्ही’ ही अक्षरे मध्येच कोठेतरी घालून शेवटी ‘डॉट कॉम’ असेल तर ते सरकारी नव्हे. ‘डॉट कॉम’ व ‘डॉट ओआरजी’ हे शेवट कोणासही विकत मिळतात. अनेक खरी देवस्थानेही ते वापरतात, म्हणून त्यांवरून खरेखोटे काहीच ठरत नाही. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये आज्ञा काढून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव शेवट घेण्यास सांगितले. हे एक प्रकारे नवे मोर्तबच होय.

नावाशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाविषयी बराच गैरसमज आहे. वाटेत आपला मजकूर कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेला सज्जन आहे असे ते सांगत नाही. ते कुलूप चोरासही विनामूल्य मिळते. तसेच शोधयंत्रात जे नाव सर्वांत वर आले ते खरे, असेही समजू नये. ती पैसे भरून मिळविलेली जाहिरातही असू शकते.

म्हणून सावकारांची दुसरी वाट धरावी. संदेशात आलेल्या दुव्यावर पैसे पाठवू नयेत. देवस्थानच्या जुन्या पावतीवरील क्रमांकावर, अथवा ओळखीच्या पुरोहितांकडे किंवा समितीच्या सदस्याकडे विचारावे. रक्कम संस्थेच्या नावे जाते की एखाद्या व्यक्तीच्या, हे पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव वाचून पाहावे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. तो मागितला गेला की आपल्या खात्यातून पैसे जाणार हे निश्चित समजावे. ‘आजच भरा, नाहीतर सेवा रद्द होईल’ अशी घाई करणाऱ्यास तोतया समजण्यास हरकत नाही, कारण चौकशीस वेळ मिळू न देणे यातच त्याचे हित असते. आणि फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढे पोहोचण्यापूर्वी अडविणे शक्य होते ते या पहिल्या काही तासांतच.

शेवटी एक विनंती देवस्थान समित्यांस. भाविकाने मूळ दप्तरास विचारावे असे आपण म्हणतो, तेव्हा ते दप्तर उत्तर देण्यास सिद्ध असले पाहिजे. आपल्या अधिकृत संकेतस्थळाचे नाव व बँक-खात्याचे नाव सभामंडपातील फलकावर, पावतीवर व उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापावे. बनावट स्थळ आढळताच भाविकांस कळवावे. हर्षाने कूटशासन मोडले तेव्हा एक गाव मुक्त झाले, आणि आपण काय दिले व काय नाही हे राज्यासही लेखी सांगता आले. देवाच्या नावाने मागितलेला पैसा देवास पोहोचला की नाही, हे भाविकास तितक्याच स्पष्टपणे सांगता येणे, हे आज प्रत्येक देवस्थानाचे कर्तव्य आहे.